पूलमधले धातूचे डाग कसे काढायचे, आणि काढल्यावर ते परत का येतात

पूलच्या भिंतीवर तपकिरी डाग दिसला की बहुतेक जण काय करतात, आधी ब्रश घेऊन घासतात, घासून जात नाही म्हणून मग क्लोरीनचा शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस, मारतात, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर डाग अजून गडद. म्हणजे डाग धातूचा असेल तर क्लोरीन त्याला घालवत नाही, उलट पक्का करतं. हे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

होतं काय की लोखंड, तांबं, मँगनीज हे पाण्यात विरघळलेले असतात तोवर दिसतच नाहीत. पाणी एकदम स्वच्छ. त्यात क्लोरीन पडलं किंवा पीएच वर गेला की ते ऑक्सिडाइज होतात, विरघळलेले राहत नाहीत आणि मग प्लास्टर, लाइनर (पूलच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर), पायऱ्या, जिथे जागा मिळेल तिथे बसतात. म्हणून बोअरचं पाणी भरलं तेव्हा काचेसारखं होतं आणि पहिलं क्लोरीन टाकल्यावर चहासारखं झालं, असं लोक सांगतात ना, ते यामुळेच. तर डाग काढणं म्हणजे काय, जो धातू भिंतीवर चिकटलाय त्याला परत पाण्यात विरघळवणं. लक्षात घ्या, परत पाण्यात. पूलच्या बाहेर नाही. या मुद्द्यावर पुढे यायचंच आहे कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

आधी डाग कसला ते बघा

रंगावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. पिवळट, तपकिरी, गंजासारखा लालसर असेल तर लोखंड. निळसर हिरवा किंवा मोरपंखी असेल तर तांबं, पण तांब्याचे डाग कधीकधी काळपटही पडतात. जांभळट काळा किंवा गडद तपकिरी काळा असेल तर मँगनीजचा संशय घ्या. आणि पानं, फुलं, बिया पडून राहिल्या तरी तपकिरी हिरवट डाग पडतात, ते धातूचे नसतात, त्यांना सेंद्रिय डाग म्हणू. गंमत अशी की लोखंड आणि कुजलेलं पान यांचा रंग इतका सारखा दिसतो की नुसतं बघून सांगणारा माणूस चुकतोच.

म्हणून टेस्ट करा, फार सोपी आहे. व्हिटॅमिन सीची साधी गोळी घ्या, फेसाळणारी नको, आणि पंप बंद करून पाणी स्थिर झालं की डागावर अर्धा मिनिट ते एक मिनिट घट्ट दाबून धरा. पायरीवरचा डाग निवडा, हात पोचतो. गोळी उचलली की खाली गोळीच्याच आकाराचा फिका, स्वच्छ गोल दिसला तर समजायचं धातू आहे, आणि बहुतेक वेळा लोखंडच. डाग खोल असेल तर गोळ्या कुटून जुन्या सॉक्समध्ये भरा आणि सॉक्स ब्रशच्या दांड्याला बांधून डागावर टेकवून ठेवा.

काहीच फरक नाही पडला तर त्याच पद्धतीने दुसऱ्या कोरड्या सॉक्समध्ये सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व घालून बघा, यानं हलला तर तांबं असण्याची शक्यता जास्त. तरीही नाही हलला तर थोडं क्लोरीन डागावर लावून बघायचं, त्याने उतरला तर सेंद्रिय होता आणि मग हा सगळा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, क्लोरीन वाढवा, ब्रश मारा, जाईल. (लाइनर असेल तर क्लोरीनचे दाणे थेट त्यावर टाकू नका, लाइनर पांढरा पडतो आणि तो डाग मात्र कायमचा.) लाइनरवर गुलाबी छटा असेल आणि ती कशानेच हलत नसेल तर ती बऱ्याचदा लाइनरच्या मागून आलेली असते, बुरशी किंवा जिवाणूंची, तिथे वरून काहीही केलं तरी उपयोग नाही.

आत्ताच सांगून टाकतो, ॲसिड आणि क्लोरीन एकाच सॉक्समध्ये, एकाच बादलीत, एकाच मगमध्ये कधीही नाही. भांडं धुतलेलं असलं तरी नको, वेगळं घ्या. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत गेला तर हॉस्पिटल. व्हिटॅमिन सी म्हणजे निरुपद्रवी असं वाटतं, पण तेही ॲसिडच आहे आणि कोरड्या क्लोरीनच्या दाण्यांशी जोरात रिॲक्ट होतं. हातमोजे, गॉगल घाला.

पाण्याची मेटल टेस्टही करून घ्या, लोखंड आणि तांबं दोन्ही. साधारण ०.२ ते ०.३ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) वर गेलं की डागांची भीती सुरू होते. पण एक गोष्ट, टेस्टमध्ये शून्य आलं म्हणजे धातू नाही असं समजू नका. टेस्ट फक्त पाण्यातलं मोजते, सगळा धातू भिंतीवर जाऊन बसला असेल तर पाण्यात काय सापडणार? भरण्याचं पाणी मात्र वेगळं टेस्ट करा, नळाचं असो की बोअरचं, थेट तिथून बाटलीत घेऊन. तिथला आकडा जास्त खरं बोलतो.

हा धातू आला कुठून

बोअर किंवा विहिरीचं पाणी हे पहिलं कारण, लोखंड आणि मँगनीज तिथूनच येतं. तांब्याचं जरा वेगळं आहे, ते बऱ्याचदा आपणच टाकतो. शेवाळासाठी जी औषधं मिळतात त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, लेबल वाचा. शेवाळ रोखायला आयोनायझर बसवलेला असेल तर तो तर मुद्दामच तांबं सोडतो. आणि हीटर असेल तर त्याच्या आतली नळी तांब्याची असू शकते, पीएच खूप दिवस कमी राहिला की ती झिजते आणि ते तांबं पाण्यात उतरतं. स्किमरमध्ये, म्हणजे वरवरचा कचरा ओढून घेणाऱ्या कडेच्या खोक्यात, क्लोरीनच्या टॅब्लेट ठेवून पंप बंद करणारे लोक इथे सापडतात, कारण त्या टॅब्लेट चांगल्याच ॲसिडिक असतात, पंप बंद असताना स्किमरमध्ये आम्लाचं पाणी साठतं आणि पंप सुरू झाला की ते सगळं एकदम हीटरमधून जातं. पोहून केस हिरवट झाले की लोक क्लोरीनला शिव्या घालतात, पण काम तांब्याचं असतं.

बाकी किरकोळ म्हणजे तळाला पडलेली हेअरपिन, खिळा, नाणं, बागेतलं लोहयुक्त खत वाऱ्याने उडून आलेलं. हेअरपिनचा डाग ओळखायला सोपा, पिनच्याच आकाराची गंजाची रेघ उमटलेली असते.

लोखंडाचे डाग, पूर्ण पूलची ट्रीटमेंट

एकदोनच डाग असतील तर पूर्ण पूलला औषध कशाला, सॉक्स दाबून तेवढेच काढा. सगळीकडे पसरलं असेल, पूलचा रंगच पिवळट तपकिरी झाला असेल, तेव्हाच ही ट्रीटमेंट. औषध म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, व्हिटॅमिन सीच, पण गोळ्या नाही, पावडर.

पाणी किती आहे ते आधी काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि हजाराने गुणलं की लिटर. ८ बाय ४ चा पूल, सरासरी खोली १.४ मीटर, तर ४४,८०० लिटर. ॲस्कॉर्बिक ॲसिड हजार लिटरला साधारण १० ते १२ ग्रॅम धरायचं, म्हणजे या पूलला अर्धा किलोच्या आसपास.

पण आधी क्लोरीन खाली आणायचं, शून्याच्या जवळ. ही पायरी लोक टाळतात आणि मग म्हणतात औषध चाललं नाही. हिशोब बघा ना, १ पीपीएम क्लोरीन मारायला जवळपास २.५ पीपीएम ॲस्कॉर्बिक ॲसिड खर्च होतं. वरच्या पूलमध्ये क्लोरीन ३ पीपीएम असेल तर ३३० ग्रॅमच्या वर पावडर नुसतं क्लोरीन मारण्यातच गेली, डागासाठी उरलं काय? म्हणून चार दिवस आधी क्लोरीन टाकणं बंद करा, कव्हर काढून ठेवा, ऊन बाकीचं काम करतं. सॉल्टवाला पूल असेल तर क्लोरीन बनवणारा सेल बंद करा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट मिळतं, त्याने क्लोरीन लगेच उतरतं, मात्र पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मंच टाका, टेस्ट करा, लागलं तर परत टाका. जास्त पडलं तर नंतर क्लोरीन चढवताना तेच आडवं येतं.

पीएच ७.२ च्या आसपास आणा. फिल्टर आधी बॅकवॉश करून घ्या, म्हणजे उलट पाणी सोडून धुवा. क्लोरीन नसलेल्या पाण्यात शेवाळ धरायला वेळ लागत नाही, त्यामुळे पॉलिक्वाट ६० प्रकारचं शेवाळनाशक आधीच टाकून ठेवा, आणि हो, इथेच तांबंवालं शेवाळनाशक टाकलं तर झालं कल्याण. पाणी थंड असेल त्या दिवसांत हे काम केलेलं उत्तम. आणि क्लोरीन शून्य आहे तोवर पूलमध्ये कोणीही उतरायचं नाही, मुलांना तर नाहीच.

आता पंप चालू ठेवा, व्हॉल्व्हला रीसर्क्युलेटची सोय असेल तर तिथे ठेवा म्हणजे पाणी फिरतं पण फिल्टरमधून जात नाही, हीटर असेल तर बायपास करा. ठरलेल्या पावडरीतली अर्धी घ्या आणि पूलच्या कडेकडेने फिरत, जिथे डाग जास्त तिथे जास्त, अशी पसरत जा. पायऱ्या आणि उथळ भाग यांच्यावर मुठीने सोडली तरी चालेल. मग थांबा. अर्ध्या तासात फरक दिसायला लागतो, आणि तो बघण्यासारखा असतो, पायरीच्या कडेपासून रंग फिका होत जातो आणि खालचं मूळ प्लास्टर दिसायला लागतं, तपकिरी ठिपक्यांच्या कडा आधी विरघळतात आणि मधला भाग शेवटी जातो. राहिलेल्या ठिकाणी मऊ ब्रश हलकेच फिरवा. गरज लागली तरच उरलेली पावडर टाका, नाही लागली तर ठेवून द्या. पाण्याला थोडी पिवळट हिरवी छटा आली तर घाबरू नका, लोखंड पाण्यात आलंय एवढाच त्याचा अर्थ.

तांब्याला हे औषध तेवढं लागू पडत नाही. तिथे सायट्रिक ॲसिड, तेही सॉक्समध्ये भरून डागावर १०-१५ मिनिटं ठेवायचं, मग उचलून बघायचं आणि परत ठेवायचं. प्लास्टर असेल तर तासन्‌तास ठेवू नका, ॲसिड प्लास्टर खातं आणि तिथे खरखरीत चट्टा पडतो. मँगनीज यातलं सगळ्यात हट्टी, ॲस्कॉर्बिकने हलतं पण हळू, धीर ठेवावा लागतो. जांभळा रंग टाइल्सच्या कडेला पावडरीसारखा जमला असेल तर वेगळं प्रकरण असू शकतं, पाण्यात सायन्युरिक ॲसिड म्हणजे स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं) खूप जास्त झालं आणि सोबत तांबं असलं की कॉपर सायन्युरेट तयार होतं, ते जांभळं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे थोडं पाणी काढून नवीन भरणं आणि स्टॅबिलायझर खाली आणणं, नुसतं डागावर औषध लावून ते परत येणारच.

डाग गेला, आता खरी कसोटी

डाग गेले की लोक खुश होऊन त्याच संध्याकाळी शॉक मारतात, आणि दोन दिवसांत सगळं परत जिथल्या तिथे. अहो, धातू गेला कुठे, पाण्यातच आहे की! क्लोरीन मिळालं की तो परत भिंतीवर बसणार.

त्यासाठी सिक्वेस्टरंट नावाचं औषध असतं, ते विरघळलेल्या धातूला धरून ठेवतं, सुटू देत नाही. डाग गेल्यावर, क्लोरीन सुरू करायच्या आधी, हे पूर्ण डोसमध्ये टाका, डोस पाकिटावर असतो तोच. एचईडीपी नावाचं रसायन असलेलं घ्या, लेबलवर लिहिलेलं असतं. पंप चालू ठेवून एक दिवस फिरू द्या, फिल्टर परत नेहमीच्या जागी घ्या.

त्यानंतर क्लोरीन, पण अगदी सावकाश. द्रवरूप क्लोरीन वापरा, पाणी परत येतं त्या जेटच्या समोर बारीक धारेने ओता, एका वेळी १ पीपीएमच्या आसपास वाढेल एवढंच. पहिले काही डोस टेस्टमध्ये दिसणारच नाहीत, उरलेलं ॲस्कॉर्बिक ॲसिड ते खाऊन टाकतं, यात काही बिघडलेलं नसतं. याच वेळी घाबरून दुप्पट टाकू नका. क्लोरीन धरायला लागलं की नेहमीच्या रेंजच्या खालच्या टोकाला ठेवा, ती रेंज तुमच्या स्टॅबिलायझरवर ठरते, आणि निदान दोन आठवडे शॉक नाही, दाणेदार क्लोरीन नाही. पीएच ७.२ ते ७.४ मध्ये ठेवा, वर चढायला लागला की थोडं ॲसिड. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद, उतरली असेल तर तीही हळूहळू वर आणा, सोडा एकदम ओतला तर पीएच उडी मारतो आणि डागाला आमंत्रण. क्लोरीन व्यवस्थित टिकायला लागलं, पाणी स्वच्छ आहे, तळ दिसतोय, मग पोहायला हरकत नाही.

सिक्वेस्टरंट एकदा टाकून विसरायचं नसतं. क्लोरीन त्याला हळूहळू तोडतं, म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे आठवड्याला किंवा महिन्याला थोडं थोडं चालू ठेवावं लागतं. तुटताना त्याचं फॉस्फेट होतं, त्यामुळे पाण्याची फॉस्फेट टेस्ट जास्त दाखवेल, कोणी ते बघून फॉस्फेट रिमूव्हर घ्यायला सांगितलं तर घेऊ नका, ते सिक्वेस्टरंटलाच संपवतं आणि तुम्ही परत पहिल्या घरात.

आता माझं मत. सिक्वेस्टरंट आयुष्यभर टाकत बसायला मला आवडत नाही. भरण्याचं चांगलं, धातू नसलेलं पाणी मिळत असेल तर डाग विरघळवून, सगळा धातू पाण्यात आणून, मग त्यातलं बरंचसं पाणी काढून टाकणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग, कारण त्यात धातू खरंच पूलच्या बाहेर जातो. एकदम पूर्ण रिकामा मात्र करू नका, जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जातो, फायबरग्लासचा तर नक्कीच धोका, आणि लाइनर आकसतो. तिसरा हिस्सा काढा, भरा, परत काढा, असं. धातू शोषून घेणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या स्किमरमध्ये ठेवायच्या, तांब्यावर बऱ्या चालतात. आणि भरण्याचं पाणीच खराब असेल तर पाइपला मेटल काढणारा फिल्टर लावूनच भरा, उन्हाळ्यात रोज जे थोडं पाणी उडतं आणि आपण वरून भरतो ना, ते पाणी उडून जातं पण त्यातलं लोखंड मागे राहतं, त्यामुळे आकडा हळूहळू वर चढत जातो आणि वर्षभराने लोक विचारतात आता कुठून आलं.

जे डाग औषधाने जात नाहीत

प्लास्टरच्या पूलमध्ये एकाच जागी गंजाचा ठिपका, काढला की परत तिथेच, बाकी पूल स्वच्छ, असं असेल तर औषधाचा नाद सोडा. आतली सळई गंजतेय किंवा प्लास्टरमध्ये बांधकामाची तार राहिलीय. तिथे पाण्याची पातळी खाली आणून तेवढा भाग फोडावा लागतो, तार असेल तर कापून काढायची, सळई असेल तर गंज साफ करून आजूबाजूला खोलवर कापून घ्यायची, मग हायड्रॉलिक सिमेंट भरून वरून पूल प्लास्टरचा पॅच. हे काम पूलचं प्लास्टर करणाऱ्याकडूनच करून घ्या. पॅचचा रंग आजूबाजूला जुळत नाही, हे आधीच मान्य करून चाला.

प्लास्टरवरचा अगदी छोटा डाग ओल्या वॉटर पेपरने हलका घासला तरी निघतो. लाइनर आणि फायबरग्लासला हे चालत नाही, तिथे तारेचा ब्रशही नको, ओरखडे पडतात, आणि साध्या तारेचा एखादा केस तुटून तळाला राहिला तर त्याचाच नवीन गंजाचा डाग तयार. पूर्ण पूल रिकामा करून ॲसिड वॉश करायचा सल्लाही लगेच मिळेल तुम्हाला, त्याने डाग जातो हे खरं, पण त्याच्यासोबत प्लास्टरचा एक थरही जातो, आणि पुढच्या वेळी धातू धरायला पृष्ठभाग आधीपेक्षा खरखरीत असतो. तो शेवटचा पर्याय, आणि तोही ज्याला त्याचा अनुभव आहे त्याच्याकडूनच.